नकाशावर हाय की!

विजेच्या मोटारी विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक शोधत पुण्या-बंगळूरला का फिरतात, हे आम्हा शहापूरकरांना कळलेलं नाही. तिकडच्या माणसाला सिग्नलला दीड मिनिट थांबवत नाही, तो चार्जरपुढे तासभर काय बसणार? मोबाइलच्या नकाशात दिसलेली वस्तू जाग्यावर नसली की त्याचा तोल जातो, मग तो ग्राहक मंचाची भाषा बोलायला लागतो. अशा कच्च्या मनाच्या माणसाच्या हाती पंधरा-वीस लाखांची बॅटरी देऊन त्याला हायवेवर सोडणं बरं नव्हे. या गाडीला मुरलेला माणूस लागतो. नकाशावर एक आणि जाग्यावर दुसरं, हे ज्याच्या तीन पिढ्यांनी पचवलंय. आणि 'होईल की ओ, घाई काय' हे ज्याला पाळण्यात ऐकवलंय, तो माणूस. थोडक्यात, सीमाभागातला.

शहापूरचंच बघा. रुळांच्या पलीकडे इंग्रजांचं बेळगाव आणि अलीकडे सांगलीकर पटवर्धनांचं शहापूर. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झालं, आम्ही मुंबई राज्यात आलो. १ नोव्हेंबर १९५६ ला उठलो तर म्हैसूर राज्यात. १९७३ मध्ये त्या राज्याचं कर्नाटक झालं आणि २०१४ मध्ये शेजारच्या बेळगावचं बेळगावी. एवढा प्रवास कोरे गल्ली, मीरापूर गल्लीतल्या घरांनी एकही चाक न लावता केला. पेट्रोल नाही, टोल नाही, धूर नाही. हरित प्रवासाचं पारितोषिक द्यायचंच असेल तर आधी आमच्या उंबऱ्यांना द्या.

तर अशा या आमच्या गल्लीत एका काकांनी विजेची गाडी घेतली. गल्ली शहापूरची, म्हणजे समोरासमोरच्या माड्यांतून वाटी देता-घेता येईल एवढी रुंद. गाडी दारात, मीटर आत, आणि वायर माडीच्या खिडकीतून खाली. घरच्या १५ अँपियरच्या पिनेतून तासाला तीनेक युनिटं जातात, गाडीच्या पोटात मावतात तीस. म्हणजे रात्री जेवून लावायची आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत वाट बघायची. पहिले काही दिवस येणारा-जाणारा बाळंतिणीची करावी तशी चौकशी करून जायचा. "काय ओ, किती झालं?" "बासष्ट झालं की." "बरं बरं, सावकाश होऊ दे." खासबाग-वडगावकडचे मागवाले मात्र काही विचारायचे नाहीत. करंट गेला की माग जागेवर थांबतो आणि त्याच्यापुढे माणूस, हे त्यांना काकांच्या आधीपासून ठाऊक. त्यांनी वायरीकडे एकदा बघितलं आणि मान हलवली, बस्स.

खरी परीक्षा काकूंच्या माहेरची. माहेर सातारा, अंतर सव्वादोनशे-तीस किलोमीटर. गाडीच्या प्रमाणपत्रावर त्याहून कितीतरी मोठा आकडा, तेव्हा काका निर्धास्त. इथे जरा खुलासा करतो. हा आकडा देते गाड्या तपासणारी पुण्याची संस्था, एआरएआय. तिथे गाडी रुळांवर, म्हणजे लोखंडी गोल रुळांवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरल्या वेगाने चाकं फिरवतात. वर नव्वदच्या पुढे वेग नाही, चढ नाही, वारा नाही, मागच्या सीटवर कुंद्याचे डबे नाहीत, आणि 'जरा थंड लाव की' म्हणणाऱ्या काकू तर नाहीतच. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या कागदावर ३१२ किलोमीटर होते. रस्त्यावर तीच गाडी दोनशेच्या आसपास जायची आणि चालवणाऱ्यांनी ते लवकरच मान्य करून टाकलं. योगायोग बघा, ही संस्था स्थापन झाली १९६६ साली, आणि त्याच साली सीमावादासाठी नेमला गेला महाजन आयोग. दोघांचेही कागद पक्के आणि शिक्क्याचे. दोघांचंही जमिनीशी जमलेलं नाही.

काकूंनी एसी म्हटलं की काका टक्के वाचून दाखवायचे. काकती मागे पडली, हत्तरगीचा टोल गेला. काका साठच्या वर जाईनात, कारण साठच्या वर गेलं की वारा टक्के खातो. संकेश्वरजवळ हिरण्यकेशी कारखान्याचा ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून, शेजारून पुढे गेला. त्यावरच्या पोराने गाडीकडे वळून बघितलं. काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. पुढे तवंदीचा घाट चढताना काट्याला घाम फुटला. उतरताना मात्र मोटारच जनित्र होऊन बॅटरीत वीज भरते, त्यामुळे एक टक्का परत आला. घेतलेलं परत देणारं या हद्दीत काही असू शकतं, यावर काकांचा बराच वेळ विश्वास बसला नाही.

आता चार्जर. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या: महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं. या हिशेबाने बेळगाव ते निपाणी या पाऊणशे किलोमीटरांत वाटेवर प्रत्येक बाजूला तीन तरी हवीत. नकाशावर बघाल तर सरकारलाही लाज वाटावी इतकी दिसतात. हिरवे ठिपकेच ठिपके, कौलावर शेवाळ उगवावं तसे नव्हे, चांगले नीट ओळीत. जाग्यावर गेलं की एक ठिपका मोटारीच्या शोरूममध्ये निघतो, आणि शोरूमला रविवारी सुट्टी. दुसरा हॉटेलच्या मागे, त्याच्यापुढे लग्नाच्या वऱ्हाडाची डिझेल गाडी लावलेली आणि ड्रायव्हर पंगतीला. तिसऱ्याला सगळं ठीक, फक्त त्याचं ॲप वेगळं. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं, पाकिटात आधी भरायचे पैसे वेगळे. ओटीपी मात्र सगळ्यांचा एकाच मोबाइलवर, आणि त्या मोबाइलला नेमकी तिथे रेंज नाही. सगळ्यांसाठी एकच ॲप करायचं काम भेलकडे सोपवायचं घाटतंय, असं २०२५ मध्ये केंद्राने सांगितलं. भेल म्हणजे वीज केंद्रांचे अजस्र बॉयलर आणि टर्बाइन घडवणारी कंपनी. ॲप भक्कम होईल यात शंका नाही.

निपाणीच्या अलीकडे एका हॉटेलच्या मागे काकांना चार्जर सापडला. बोर्डावर कन्नड मोठं, इंग्रजी लहान. २०२४ च्या कायद्याने कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. कोगनोळीचा नाका ओलांडला की मराठी मोठं होतं, तोही कायदाच. पण मशीनच्या पडद्यावर नाक्याच्या दोन्ही बाजूंना 'फॉल्ट' असंच येतं, आणि त्याविरुद्ध अजून कुठल्याही संघटनेने मोर्चा काढलेला नाही. काका उतरले. वॉचमन खुर्चीवरून न उठता म्हणाला, "करंट इल्ल री." मग काकांचा चेहरा बघून मराठीत, "मशीन चांगलं हाय ओ. नुसता करंट न्हाई."

तिथे एक पुणेकर आधीच उभे होते. एमएच १२ ची गाडी, हातात मोबाइल, कपाळाला आठ्या. म्हणाले, "अहो, ॲपवर 'उपलब्ध' दाखवतंय!"

काका खुर्ची ओढून बसले. "दाखवायला काय जातंय ओ? नकाशावर आमी पन महाराष्ट्रात हाय की."

पुणेकरांना विनोद कळला नसावा. ते हेल्पलाइनला फोन लावत राहिले. हेल्पलाइनने त्यांना इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन दाबायला सांगितलं आणि पुढे संगीत ऐकवलं. काकूंनी डबा उघडला. "घ्या ओ दादा, कुंदा खावा. मी रात्रीच भरून घेतलो होतो." करंट कधी आला ते नीट सांगता येत नाही, कारण तोपर्यंत पंक्चरवाला, वॉचमनचा मेव्हणा आणि वऱ्हाडातले दोघे येऊन बसले होते आणि उसाच्या दरावर बोलणं रंगलं होतं. बिल आलं तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी. पुणेकर पुन्हा तापले, घरच्या विजेवर तर जीएसटी नाही! ते खरं आहे. पण २०२३ मध्ये म्हैसूरकडच्या सरकारी वीज कंपनीने हाच प्रश्न विचारला, तेव्हा कर्नाटकातल्या जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने निवाडा दिला. वीज दिव्यात गेली तर ती वस्तू, करमुक्त. तीच गाडीत गेली तर सेवा, अठरा टक्के. काकांनी सेवा करणारा दिसतो का म्हणून चौफेर बघितलं. वॉचमन कुंदा खात होता.

काकूंच्या या माहेरवारीवरून एक जुनी माहेरवारी आठवते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीन चाकी मोटार काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाल्या. अंतर शंभराच्या थोडं वर, आपलं बेळगाव-कोल्हापूर म्हणा. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचा द्राव घेतला. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही दाखवतात. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तिथे मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी घरी पोचल्याची तार नवऱ्याला. औषधवाल्याने बाईंना ओटीपी मागितला नाही, पाकिटात आधी पाचशे भरा म्हणाला नाही. मोटारीच्या इतिहासात तेवढंच एक काम मागे गेलंय, बाकी सगळं पुढे.

गोव्याला जायचं तर निराळा हिशेब. जांबोटी-कणकुंबीहून चोर्ला घाट उतरताना गाडी अंगात वीज भरत जाते, साखळीला पोचेपर्यंत चालकाला वाटतं आपण श्रीमंत झालो. परत येताना तोच घाट चढायचा असतो, आणि गोव्याहून परतणाऱ्या माणसांची जी अवस्था असते तीच गाडीचीही. जंगलात मध्ये चार्जर विचाराल तर कणकुंबीकर म्हादईच्या पाण्याचं सांगतील. तोही प्रश्न लवादापर्यंत जाऊन आलाय.

पण या सगळ्यात आम्हाला सर्वांत घरचं वाटलं ते ऐंशी टक्क्यांचं प्रकरण. जलद चार्जरवर गाडी वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत भराभर जाते. ऐंशीनंतर बॅटरीतले सेल तापू नयेत, बिघडू नयेत म्हणून गाडीच वीज कमी घेते, आणि शेवटचे वीस टक्के रांगत भरतात. पुणेकरांना हे बघवेना. त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, अजून त्र्याऐंशी. काकांना त्यात नवल वाटलं नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते आणि जाणती माणसं सांगत होती, आता झालंच म्हणून समजा. तेव्हाच ऐंशी टक्के झालं होतं. तेव्हापासून काटा बघायलोय. मधेच दोन्हीकडचे मंत्री येऊन प्लग काढून परत लावतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर दोन राज्यांमधल्या बसगाड्याच बंद पडल्या, कारण काय तर कंडक्टर आणि प्रवासी कुठल्या भाषेत बोलले. त्या दिवसांत नाक्यावर अडकलेल्यांना विचारा, रेंजची चिंता काय असते ते.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. हलग्याजवळ अगदी महामार्गाला लागून सुवर्ण विधानसौध उभं आहे, २०१२ मध्ये उद्घाटन झालेलं. हिवाळ्यात दहाएक दिवस अधिवेशन भरतं, मंत्री बंगळूरहून येतात, उसाच्या, सीमेच्या, उत्तर कर्नाटकाच्या घोषणा होतात आणि कुलूप लागतं. उरलेलं वर्ष इमारत बहुतेक मोकळी. २०२२ साली तिच्यासमोर शेवया वाळत घातल्याचा फोटो गाजला होता. फोटो बघून सरकारला राग आला, पण त्या वर्षी त्या वास्तूचा एवढा लोकोपयोगी वापर दुसऱ्या कुणी केल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आवार प्रशस्त, वीज चोवीस तास, पहारा कडक. तिथे चार्जर बसवावेत आणि सोबत चालकांसाठी प्रतीक्षा प्रशिक्षण केंद्र काढावं. शिकवायला शहापूर, खासबाग, वडगावातली साठीच्या पुढची माणसं. पहिल्या आठवड्यात नुसतं बसणं. दुसऱ्यात नकाशा समोर ठेवून त्यावर विश्वास न ठेवणं. तिसऱ्यात ऐंशीच्या पुढचं, त्याला मात्र स्वतंत्र वर्ग लागेल. जेवणात शेवयांची खीर. १ नोव्हेंबरला सुट्टी. कुणी राज्योत्सवाची समजावी, कुणी काळ्या दिवसाची. केए २२, केए २३, एमएच ०९, सगळ्यांना प्रवेश.

निपाणीजवळ भेटलेल्या त्या पुणेकरांनी काकांचा नंबर घेतला होता. परवा त्यांचा फोन आला. विचारत होते, अभ्यासक्रम नक्की किती दिवसांचा आणि प्रमाणपत्र कधी मिळतं?

काका म्हणाले, "तारीख पडली की कळवतो."