सेन्सरच खराब निघाला

होंडाची जुनी सिटी व्हीटेक, २००० साली आलेली, १०६ पीएसची, पुण्यात ज्या गृहस्थाकडे अजून आहे, त्याच्या घरी तिला ‘गाडी’ म्हणत नाहीत. मागची सीट काढलेली, एसी उपसलेला, दारांची आतली कव्हरं माळ्यावर. भाजी आणायला दुसरी गाडी आहे. ही फ्लॅटबेडवर चढते आणि हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाते. ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा. हा हिशेब त्याच्यासमोर मांडू नये.

तिथे चारदोन फेऱ्या झाल्या, की वळणातून बाहेर पडताना गाडी आचका देते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. हा पिटमध्ये येतो, सर्व्हिस कनेक्टरमध्ये तारेचा तुकडा खुपसून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजतो. सात. त्याचा चेहरा एकदम उजळतो. जुन्या होंडात सात म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

“सेन्सरच खराब निघाला,” तो जाहीर करतो. पेपर तपासणाऱ्यानंच घोळ घातला असं कळल्यावर नापास मुलाच्या बापाला वाटावं, तितकं समाधान त्याच्या आवाजात असतं.

मुळात हा सेन्सर म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याला लावलेली एक काळी डबी. तीन तारा: एकीतून पाच व्होल्ट येतात, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारी पत्ती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबला की साडेचारच्या आसपास. पट्टी झिजली की त्या जागी सिग्नल क्षणभर तुटतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, समजूत होते, की साहेबांनी पाय उचलला.

होंडानं ही डबी बसवतानाच स्क्रूंची डोकी तोडून ठेवलेली असतात. कुणी हात लावू नये, असा त्यातला सरळ निरोप. आपला माणूस हॅकसॉच्या पात्यानं त्या स्क्रूंवर खाचा पाडतो आणि स्क्रूड्रायव्हर लावतो.

मग नव्या सेन्सरसाठी नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान. पहिला सेन्सर गेला तेव्हा तो डुप्लिकेट होता. दुसरा गेला तेव्हा खोका ओरिजिनल, माल डुप्लिकेट. तिसऱ्याच्या वेळी अख्खा लॉटच खराब. दुकानदार आता त्याला बघताच काउंटरखाली हात घालतो.

“गाडीत काय काय बदललंस?” असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “काहीच नाही रे.” मग चहा येईपर्यंत त्या ‘काहीच नाही’मधून एकेक गोष्ट बाहेर पडते. इंजिनाची रबरी माउंटिंग काढून कडक पॉलियुरेथेनची घातली, कारण ‘फील’ येतो. इंजिन बे ‘क्लीन’ दिसावा म्हणून एक जुनाट पट्टी काढून टाकली. ती इंजिनाची अर्थिंग होती. सेन्सर नीट बसेना, तेव्हा भोकं कानशीनं थोडी वाढवली. थोडीच!

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या वायरमनकडे जाते. तो काट्याचा मीटर लावतो. “डिजिटल आकडा मागून बोलतो साहेब. काटा जागच्या जागी चुगली करतो.” थ्रॉटल हातानं हळूहळू उघडतो. नव्या सेन्सरवर काटा सुरळीत चढतो, सुरळीत उतरतो. मग एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. “मारा स्टार्टर.” काटा जेमतेम हलायला हवा, तो टुणकन एक व्होल्टापलीकडे जातो. अर्थिंगची पट्टीच नाही म्हटल्यावर स्टार्टरचा करंट मिळेल त्या बारीकसारीक तारेतून परतायला बघणारच.

तेवढ्यावर तो थांबत नाही. मेलेले दोन सेन्सर मागवून ब्लेडनं उघडतो. दोन्ही पट्ट्यांना टक्कल पडलंय, तेही एकाच जागी: पाय उचलल्यावर पत्ती थांबते तिथे. “लॉट खराब असता तर कुठंही झिजलं असतं. तुम्ही डबी तिरकी आवळलीय, पत्ती शेवटाला दाबून बसते. त्यात इंजिन थरथरतंय. मग घासणार नाय तर काय करणार?”

गृहस्थ पट्ट्यांचा फोटो काढतो. झूम करून बघतो. “कार्बनची क्वालिटी बघा ना, चाचा,” म्हणतो.

चाचा वाद घालत नाहीत. जाड अर्थिंगची पट्टी लावतात, सेन्सर किंचित ढिला करून थ्रॉटल बंद असताना अर्धा व्होल्ट येईल असा फिरवून आवळतात. रबरी माउंटिंगचा विषय निघतो. ‘फील’पुढे तो टिकत नाही.

पुढच्या ट्रॅक डेला गाडी संध्याकाळपर्यंत कुरकुर न करता पळते. पिटमध्ये एक नवखा पोरगा आपली आचके देणारी गाडी घेऊन उभा असतो. हा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

“सेन्सर असणार. माझे आधीचे सगळे डुप्लिकेट निघाले. आत्ताचा मात्र एक नंबर आहे. तू असं कर, दोन घेऊनच ठेव.”