शंभर टक्के हमीवाल्या संचालकांस

सन्माननीय संचालक महोदय,



एसटी स्टँडबाहेर, कॉलेजच्या फाटकासमोर आणि आता रिक्षांच्या पाठीवरही आपला हसरा फोटो झळकतो. खाली मजकूर असतो : ‘120 तासांत इंग्रजीचे आंतरराष्ट्रीय शिक्षक व्हा! कोरिया, जपान, थायलंड, व्हिएतनाम. नोकरीची 100 टक्के हमी.’ मी गावातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. त्यासाठी मला एमए करावं लागलं, बीएड करावं लागलं आणि संस्थाचालकांच्या ओट्यावर चपला झिजवाव्या लागल्या. आपण तेच काम 120 तासांवर आणून ठेवलंत, तेव्हा आधी अभिनंदन स्वीकारा.

आकड्याची निवडही दाद देण्यासारखी आहे. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-शिक्षकांच्या अभ्यासक्रमालाही 120 तासच लागतात. फक्त तिथे त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवावं लागतं, मागे बसलेला माणूस वहीत चुका टिपत असतो आणि काही जण चक्क नापास होतात. आपल्याकडे हा जाच नाही. पीडीएफ उघडायची, ‘पुढे’चं बटण दाबायचं, चार पर्यायांतला एक निवडायचा, चुकला तर दुसरा निवडायचा. शनिवारी सकाळी सुरू झालेले 120 तास रविवारी रात्रीच्या जेवणाआधी संपतात. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र वेगळ्या शुल्कात घरपोच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं. आपण त्यात पाणी घालून पिशव्या भरता आणि एमआरपीच्या वर विकता.

आपल्याकडून असं प्रमाणपत्र घेतलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा आली होती. इचलकरंजीची मुलगी, वडील यंत्रमागावर. कोरियाचा अर्ज तपासून द्या म्हणाली. अर्जात तपासण्यासारखं काही नव्हतं. तिचं इंग्रजी आमच्या स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगलं आहे. मी एवढंच विचारलं, ‘‘तो व्हिसा कुणाला मिळतो, ते सरांनी सांगितलं का गं?’’ ती म्हणाली, ‘‘सर म्हणाले, प्रोफाइल स्ट्राँग आहे.’’

प्रोफाइल स्ट्राँगच आहे, महोदय. पासपोर्ट चुकीचा आहे. भाषाशिक्षकांसाठी कोरिया जो ई-2 व्हिसा देतो, तो इंग्रजीसाठी मुळात सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. ही काही गुप्त माहिती नाही. भारतीयांसाठी एक चिंचोळी वाट आहे, भारत-कोरिया व्यापार करारातून आलेली. हा करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे. पण त्या वाटेने जायला इंग्रजीची पदवी आणि रीतसर शिक्षक-पात्रता लागते, आणि तीसुद्धा सहायक शिक्षकाच्या जागेसाठी. म्हणजे बीएड केलेल्या मुलीला थोडीफार आशा आहे. पण बीएड आपण विकत नाही, त्यामुळे ही वाट आपल्या नकाशात नसणं समजण्यासारखं आहे.

जपानबद्दलही आपण असंच मौन पाळलंत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडे तिथे सहसा बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. आपले निम्मे विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांची शाळा कोणती ते विचारलं असतंत, तर त्यांचे पैसे वाचले असते. बहुधा म्हणूनच विचारलं नाहीत.

बरं, सातांपैकी एका देशाचा पासपोर्ट असलेल्यांचं तरी काय चाललंय? आपल्या माहितीपत्रकात ‘जगभर इंग्रजी शिक्षकांचा प्रचंड तुटवडा’ असं लाल अक्षरांत आहे. चीनने जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या बंद केल्या आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांनाही मनाई केली. अमेरिकेत, कॅनडात पहाटे उठून कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या हजारो लोकांचं काम त्या एका फटक्यात गेलं. कोरियात 2023 साली जननदर 0.72 वर आला. वर्गात बसायला पोरंच नाहीत, तर शिक्षक कशाला हवेत? उरलेली गर्दी मग थायलंड-व्हिएतनामच्या दारात. थायलंडमध्ये फिलिपिन्सचे शिक्षक आधीपासून मोठ्या संख्येने आहेत. शिक्षणशास्त्राच्या पदव्या असलेली, अनुभवी माणसं. तरी त्यांना गोऱ्या सहकाऱ्यापेक्षा कमी पगारावर राबावं लागतं. त्यांच्याही मागे रांगेत आपली इचलकरंजीची मुलगी, हातात सोनेरी किनार.

आणि नोकरी मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. जपानमधली सगळ्यात मोठी इंग्रजी शिकवण्यांची साखळी, नोव्हा, ऑक्टोबर 2007 मध्ये बुडाली. सुमारे 4000 परदेशी शिक्षकांचे पगार थकले, कंपनीने दिलेल्या खोल्यांतून काहींना बाहेर पडायची वेळ आली आणि काही जण जेवणाच्या बदल्यात धडे देऊ लागले. ते बहुतेक ‘योग्य’ पासपोर्टवालेच होते. आपल्या चकचकीत माहितीपत्रकात हे पान छापायला जागा उरली नसावी.

आपलं उत्तर मला पाठ आहे, कारण त्या मुलीने आपल्याला विचारलं तेव्हा आपण तेच दिलंत : ‘‘रेसिझम आहे मॅडम, त्याला मी काय करणार?’’ आहेच. जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ लिहायचं, अर्जाबरोबर फोटो मागवायचा आणि फोटो पाहून नेटिव्ह कोण ते ठरवायचं, हा धंदा जुना आहे. 1961 साली युगांडात माकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली आणि आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेला, ही समजूत तिथे पक्की झाली. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये तो भ्रम असल्याचं सविस्तर मांडलं. श्रीनगरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू तर त्याच्याही आधीपासून सांगत होते की भारतासारख्या देशांतली इंग्रजी हे इंग्रजीचंच आपल्या पायावर उभं असलेलं रूप आहे. विद्यापीठांनी त्यावर मान डोलावली. व्हिसाच्या खिडकीवर मात्र अजून माकेरेरेचंच राज्य आहे.

पण त्या अन्यायाबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागते. कोरियाचं सरकार सात देशांची नावं उघड छापतं. ‘फक्त नेटिव्ह’ लिहिणारी शाळा निदान दारावर पाटी लावते. त्या पाटीवर पडदा टाकून तिकिटं विकायचं कसब आपलं. भेदभाव त्यांचा, पण त्यावरचा नफा आपला. आणि जितक्या जणांना दार बंद, तितके आपले ग्राहक. गर्दीची तक्रार करणाऱ्यांना आपण ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स सुचवता, हे तर शिरपेचातला तुराच.

आता थोडं पैशांचं बोलू. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये, वर जीएसटी, एवढंच घेता येतं. आपल्या पावतीवर ‘कौन्सेलिंग’ वेगळं, ‘प्रोफाइल बिल्डिंग’ वेगळं, ‘डॉक्युमेंटेशन’ वेगळं. बेरीज केली तर मर्यादा कुठल्या कुठे राहते. विचारलं की आपण एजंट नसता, ‘कन्सल्टंट’ असता. हमी मात्र एजंटाची.

आणि ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर कन्व्हर्ट करून देऊ’ हा जो सल्ला आपण तोंडी देता, लेखी कधीच नाही, त्याबद्दल मात्र मला थट्टा सुचत नाही. टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदा आहे. एखादी मुलगी पकडली गेली तर दंड आणि हकालपट्टी तिच्या वाट्याला, आपल्या नाही. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला सूचना काढावी लागली होती, कारण थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे सांगून नेलेली भारतीय मुलं म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली होती. तिथेही सुरुवात जाहिरातीने आणि एजंटाच्या गोड आवाजानेच झाली होती. आपण त्यांच्यातले नाही, असं मी धरून चालतो. पण मुलींना तीच सवय आपण लावताय : कागद न मागता विमानात बसायची.

ती मुलगी सध्या बीएडचा फॉर्म भरतेय. आखातातल्या सीबीएसई शाळांना बीएड आणि वर्गातला अनुभव असलेले भारतीय शिक्षक लागतात. तिथेही रांग आहे, पण त्या रांगेत तिचा पासपोर्ट आड येत नाही. कुवेत, मस्कत हे शब्द आपल्या फलकावर शोभत नाहीत, कारण तिथे 120 तासांचा उपयोग नाही.

मागणं फार नाही. पुढचा फलक लावाल तेव्हा आपल्या फोटोच्या शेजारी त्या सात देशांची नावं छापा, त्याच आकाराच्या अक्षरांत. ज्यांच्याकडून कोरियासाठी पैसे घेतलेत, त्यांचे परत करा. आणि ‘100 टक्के’ हे स्टँपपेपरवर लिहून द्या.

हे पत्र वाचणाऱ्या पालकांसाठी एवढंच : सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही फुकट पाहता येते. मी पाहिली. या संचालकांचं नाव त्यात नाही.

आपला,
एक इंग्रजीचा मास्तर