पॅकेजची रेघ आखणाऱ्यास

साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. सरकारी आरोग्य योजनेत कोणत्या आजाराचं पॅकेज कुठं संपतं, ते ज्यांनी ठरवलं ते तुम्ही. हे पत्र तुम्हालाच आहे. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं ठेवलंय.

माझी आई नशिराबादला ओसरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. केशरी शिधापत्रिका होती. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्रानं कागद पाहिले, मंजुरी आली, ऑपरेशन झालं, पदरचा पैसा लागला नाही. हे उपकार मी विसरणार नाही. मग डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, 'फिजिओथेरपी चालू ठेवा', आणि तिथं तुमची रेघ आडवी आली.

जळगाव इथून जेमतेम दहा किलोमीटर. तिकडं फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, दवाखानेही आहेत. पण जिथं कार्ड पुढं केलं तिथं एकच उत्तर: "दादा, हे इथं चालत नाही." त्यांना बोल लावू कसा? योजनेत यायचं तर अंगीकृत रुग्णालय हवं, खाटा हव्यात. साडेचार वर्षं फिजिओथेरपीची पदवी, बीपीटी, करून एका गाळ्यात दवाखाना थाटलेल्या मुलीला तुम्ही दारातच अडवलंत.

महात्मा फुले योजनेत घरी सोडल्यावर दहा दिवसांची तपासणी आणि औषधं, आयुष्मान भारतात पंधरा दिवस. खुब्याचं हाड जुळायलाच तीनेक महिने लागतात, साहेब. दहा दिवसांनंतर माझ्या आईनं काय करावं, असं तुम्हाला वाटलं होतं?

शेवटी पदरमोड करून फिजिओथेरपी करणारी एक ताई घरी बोलावली. ती गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि सांगते, "खाली दाबा, पाच मोजेपर्यंत सोडू नका." आईची मांडी थरथरते, कपाळावर घाम येतो. मग वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत. आई रोज विचारते, "मले माह्या पायानं मोरीपर्यंत जाता येईन का रे?" ऑपरेशन झालं ते याचसाठी ना? आमच्या गल्लीत कुणी ताईचे पैसे देऊ शकत नाही म्हणून पडून राहिलं, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, सांधा आखडतो. मग पुन्हा भरती. त्या भरतीचे पैसे मात्र तुमची योजना देईल!

२ जुलै २०१२ला आताची महात्मा फुले योजना दुसऱ्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपल्या शेजारचं धुळं होतं. जळगाव २०१३च्या नोव्हेंबरात आलं. पुढं नाव बदललं, उपचारांची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली. या वर्षीचे आईच्या कार्डावरचे बरेचसे पैसे तसेच पडून आहेत, आणि त्यांतून ताईचे एका दिवसाचे पैसे देता येत नाहीत. यात कुणाची बचत झाली, ते एकदा लेखी सांगा.

माझं मागणं एवढंच आहे. हाडाच्या ऑपरेशननंतर आणि लकव्यानंतर फिजिओथेरपीचे पैसे उरलेल्या रकमेतून दिवसागणिक द्या. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टला खाटांची अट लावू नका. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस तरी एक फिजिओथेरपिस्ट बसवा, म्हणजे वॉकर घेतलेल्या म्हाताऱ्यांना महामार्गावर रिक्षाची वाट पाहत उभं राहावं लागणार नाही. त्यासाठी योजनेच्या शासन निर्णयात एका परिच्छेदाची भर घालायची आहे. ती घाला.

नशिराबादचा एक रहिवासी