सुटलेला हात परत कसा बसवावा : नवशिक्या उस्तादांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : एक हातमाग, तीन धोटे, कोशाचा (टसर रेशमाचा) ताणा, एक शिकाऊ आणि तुमची गेलेली पत. शिकाऊ शक्यतो भाचा असावा. परक्याचं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही आणि सख्खा मुलगा पहिल्याच दिवशी येत नाही.

ही मार्गदर्शिका भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावसारख्या कोशाच्या गावात परत आलेल्या माणसासाठी आहे. म्हणजे जो एके काळी करवत काठी साडी विणायचा, पोट भरेना म्हणून नागपुरात कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर बसला आणि आता घरच्या मागावरची धूळ झटकतो आहे. शहरात अशा माणसाचा आत्मविश्वास वाढवायला हॉटेलात शिबिर भरवतात. गळ्यात ओळखपत्र, दुपारी पनीर, संध्याकाळी प्रमाणपत्र. आंधळगावच्या मोहाडी तालुक्यात ती सोय नाही, तेव्हा मागावरच भागवायचं आहे.

पायरी पहिली : दोष कोणाला द्यायचा ते ठरवा.

आत्मविश्वास गेला म्हणजे तो कोणीतरी नेलाच असणार. सोयीसाठी जुन्यापासून सुरू करा. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मिलच्या स्वस्त कापडापुढे विदर्भातल्या विणकराचं कंबरडं मोडलं हे खरंच आहे. पण ती मिल 2002 मध्ये बंद पडली आणि कोशाचे माग अजून खटखट करताहेत, त्यामुळे टपरीवर हा मुद्दा फार ताणू नका. पुढे पॉवरलूम, व्यापारी, सरकार आणि सुनेची सिंथेटिक साडी, या क्रमाने जा. एका चहात आटपलं पाहिजे.

पायरी दुसरी : मागावर बसा, पण एकटे बसू नका.

करवत काठीच्या काठावर करवतीसारखे दाते असतात. साडीचा पट कोशाचा, मधाच्या रंगाचा. काठ बहुधा सुती, गडद. पटाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. पटाचा आडवा धागा आणि काठाचा आडवा धागा जिथे भेटतात तिथे प्रत्येक ओळीला एकमेकांत अडकवावे लागतात. एकदा विसरलात तर काठाशी फट राहते. एवढं सगळं सांभाळायला दोन हात पुरत नाहीत, म्हणून अशा विणीत पलीकडच्या काठाचा धोटा द्यायला बहुधा दुसरा माणूस बसतो. मोठमोठ्या कंपन्या हल्ली ‘मेंटॉर’ नेमतात आणि त्याचं कौतुक छापून आणतात. करवत काठीत शिकाऊ हा मागाचा सुटा भाग समजावा, तो नसेल तर काम अडतं.

पायरी तिसरी : गप्प बसा.

नव्वद टक्के उस्ताद इथेच नापास होतात. (हा आकडा माझ्या मनचा आहे, पण कुठल्याही विणकराच्या बायकोला विचारून पाहा.) भाच्याने धागा अडकवला नाही, हे तुम्हाला दिसलं आहे. फणी ठोकली गेली. आणखी एक ओळ. आणखी एक. तुमचा हात शिवशिवतो, धोटा हिसकून घ्यावासा वाटतो. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवा. तोंडात खर्रा असेल तर उत्तमच, बोलता येत नाही.

चार बोटं विणून झाल्यावर पोरगा थांबतो. काठावर नख फिरवतो. नख फटीत अडकतं.

“मामाजी, येथं फट कायची पडली जी?”

“तूच पाय. अन् तूच उसव.”

तो उसवतो. मग विचारतो, की धागा नेमका केव्हा अडकवायचा, पावडी दाबायच्या आधी की नंतर? इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण तुम्हाला ते सांगता येत नाही. तुमच्या पायाला माहीत आहे, तोंडाला माहीत नाही. तेव्हा तुम्ही त्याच्या जागी बसता, हळूहळू एक ओळ विणता, आपल्याच पायाकडे बघता आणि बघून सांगता. सांगता सांगता गेटवर बसून गंजलेला हात कधी चालायला लागतो, ते लक्षात येत नाही. ज्यांना आधी आत्मविश्वास आणि मग शिकाऊ हवा असतो, त्यांच्या मागावर पाली वाढतात.

पायरी चौथी : उलटं शिका.

घरातली म्हातारी आयुष्यभर मांडीवर घासून कोशाचं सूत काढत आली. त्यात कातडी सोलून निघते. त्यावर केंद्र सरकारने ‘बुनियाद’ नावाची छोटी यंत्रं आणली आणि मार्च 2020 पर्यंत मांडीवरचं सूत बंद करण्याचं लक्ष्य ठेवलं. आता घरातली सर्वांत तरबेज बाई यंत्रासमोर एकदम अडाणी ठरते आणि नातसून तिला शिकवते. या वेळी म्हातारी जे तोंड करते ते नीट पाहून ठेवा. आठवड्याभरापूर्वी तुमचंही तेच होतं.

पायरी पाचवी, सहावी आणि सातवी : शाल, श्रीफळ, फोटो. 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, त्या दिवशी तिन्ही एकदम उरकतात.

पायरी आठवी : पुढारी व्हा.

त्यासाठी भाषण लागत नाही. व्यापाऱ्यापुढे जाऊन बसावं लागतं. सौदा साडीवर होतो, माणसांवर होत नाही. साडीची एक मजुरी ठरते आणि त्यातूनच पलीकडच्या काठाला बसलेल्या पोराचा हिस्सा निघायचा असतो. तो हिस्सा वेगळा मागून, भांडून, हातात घेऊन जो परत येतो, त्याच्याकडे बाकीचे चार माग आपोआप सल्ल्याला येतात. रिकाम्या हाताने परतलात तर भाचा पुढच्या महिन्यात नागपूरला, त्याच गेटवर.

गिऱ्हाईकांसाठी एक सूचना. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा अस्सल-नकलीची चौकशी तुम्ही करालच. घासाघीस सुरू करण्याआधी एवढंही विचारा, की या किमतीत मजुरी एका माणसाची धरली आहे की दोघांची.