सरांची ट्रायल

आमच्या शेजारचे सर रोड बाइक घेत आहेत. दोन पोळे झाले, घेतच आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती त्यांना सोडवावी लागते.

डॉक्टरांनी शुगरच्या रिपोर्टवर बोट ठेवून "सायकल चालवा" म्हटलं, तिथून हे सुरू झालं. दुसरा कोणी असता तर त्यानं सायकल आणली असती. सरांनी वही आणली. दोनशे पानी. पहिल्या पानावर श्री, दुसऱ्यावर 'फ्रेम'.

एका सकाळी मी आणि दूधवाला एकदमच त्यांच्या दारात पोचलो. सर अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, मांड्यांमध्ये एक जाडजूड रजिस्टर घट्ट धरून उभे. वहिनी उकिडव्या बसलेल्या, हातात शिंप्याची टेप.

"ब्याऐंशी."

"पुन्हा पाहा."

"ब्याऐंशीच आहे हो. या वयात पाय वाढतात का?"

दूधवाल्यानं काही विचारलं नाही. माप ओतलं आणि निघाला. त्या दिवशी दूध मात्र जरा जास्त पडलं.

तर फ्रेमच्या मापासाठी 82 गुणिले 0.665, बरोबर 54.53. इथंच पंचाईत झाली, कारण फ्रेम मिळते 54 ची, नाहीतर 56 ची. त्या अर्ध्या सेंटिमीटरनं आठ दिवस खाल्ले. त्यात एका कंपनीचं मीडियम म्हणजे दुसरीचं लार्ज. कंपन्यांना गुणाकार येत नाही, असं सरांचं मत पडलं.

मग गिअर. क्लॅरिस नावाच्या गिअर-संचाला मागे आठ चकत्या, सोराला नऊ, टियाग्राला दहा. सरांना दहा हव्यात, पातूरच्या घाटासाठी. हा घाट त्यांनी आजवर एसटीच्या खिडकीतून पाहिलेला आहे. पण ब्रेव्हे नावाची 200 किलोमीटरची सायकलफेरी साडेतेरा तासांत संपवायची म्हणजे थांबण्यासकट ताशी 14.8 पडते, हे ते झोपेतही सांगतील. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्यानं पूर्ण करून आले. सर त्यांचा उल्लेख 'आपले अमित' असा करतात. घरातलं कोणीतरी बाहेरगावी गेलं असावं, तसा.

टायरचं प्रकरण त्याहून नाजूक. रोड बाइकचं टायर साधारण 25 ते 32 मिलिमीटरचं. त्याला साजेसा गुळगुळीत रस्ता जिल्ह्यात आहे, नाही असं नाही. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. पण तिथं दुचाकीलाच मज्जाव, सायकलीचं काय घेऊन बसलात! राहिले आपले नेहमीचे रस्ते. सुगीत त्यांवर सोयाबीन वाळत पडतं, आणि बारीक टायरखाली सोयाबीन म्हणजे रस्त्यावर सांडलेले छर्रे. बाकीचे महिने बाभळीचे काटे. सरांनी वहीत 'काटे' असं स्वतंत्र पान केलं आहे.

अखेर अकोल्याला जाऊन एक सायकल प्रत्यक्ष पाहिली. सोबत मी होतो. सर बसले, वाकड्या हँडलवर हात ठेवून वाकले आणि हौदाशी बैल वाकावा तसे तिथंच राहिले. मान वर करावी तर चष्मा घसरतो, चष्मा सावरावा तर हात सुटतो. दुकानासमोर दोन फेऱ्या मारून उतरले.

"कसं वाटलं सर?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"हिशेब करून कळवतो."

येताना स्टँडवर उतरल्यावर ओळखीच्या मिस्त्रीकडं थांबलो. तो एका चाकाचा आऊट काढत बसला होता. सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मिस्त्रीनं हात पुसले आणि फोटो मोठा करून पाहिला.

"कॅरिअर नाई, स्टँड नाई, मडगार्ड नाई. अन् पैसे पुरे घेतेत?"

मग त्यानं सरांकडं पाहिलं. कमरेपासून चपलेपर्यंत, एकदाच.

"सर, तुमाले बावीसची लागते."

बावीस म्हणजे 22 इंची, आपली साधी काळी सायकल. मागच्या भिंतीला तशीच एक जुनी टेकवलेली होती. मालकानं मोटरसायकल घेतल्यापासून पडून. "घेऊन पाह्या. जमलं त ठेवा, नाई त आना वापस."

सर तळहातावर गुणाकार करू लागले. 22 गुणिले 2.54, म्हणजे 55.88. चेहरा पडला. पण तोवर मिस्त्रीनं हवा भरून, सीट दोन बोटं खाली घेऊन सायकल त्यांच्या हाती दिली होती.

याला आता पाच महिने झाले. सर रोज पहाटे एकबुर्जी धरणापर्यंत जाऊन येतात. शुगर उतरली म्हणे. वहीत नवं पान नाही. परवा फाटकाशी गाठ पडली; सर घामानं चिंब, एक पाय जमिनीवर.

"मग घेतली म्हणायची?"

"छे! ही ट्रायल आहे. अजून 1.35 चा फरक पडतो," सर म्हणाले, आणि कॅरिअरला अडकवलेली मेथीची जुडी सोडवायला लागले.