काही लागलं का?

(स्थळ: रेवदंड्याजवळची खाडी, जुना दगडी धक्का. सकाळचे साडेआठ. एका टोकाला गळवाले काका: हातात तंगूस, बुडाखाली गोणपाट. दुसऱ्या टोकाला मुंबईहून आलेला रॉडवाला: कमरेला पट्टा, पट्ट्याला पक्कड, पायाशी तीन मजली डबा.)

रॉडवाला: काका, काही लागलं का?

काका: लागेल.

रॉडवाला: किती वेळ बसलाय?

काका: आजचं विचारतोस की एकूण?

रॉडवाला: आजचं.

काका: सहापासून. एकूण म्हणशील तर 31 वर्षं. याच दगडावर. तुला काय लागलं?

रॉडवाला: एक प्लास्टिकची पिशवी आणि एकदा माझीच टोपी. पण माझं काम पद्धतशीर आहे. दर पाच मिनिटांनी ल्यूर, म्हणजे नकली आमिष, बदलतो. पॉपर झाला, मिनो झाला, जिग झाला. आता हा रबरी शॅड.

काका: म्हणजे मासा आला, माल बघितला, पसंत पडला, पाकीट आणायला घरी गेला. परत येतो तर दुकान बंद!

रॉडवाला: मासा घेत नसेल तर बदलायचं, असंच सांगतात सगळे.

काका: घेत नाही हे पाच मिनिटांत कळलं तुला? नोकऱ्यापण अशाच बदलतोस काय?

रॉडवाला: सहा वर्षांत पाच. स्वभावच आहे. आज पहाटेसुद्धा वडखळला ट्रॅफिकमध्ये तीनदा लेन बदलली.

काका: मग लवकर पोचलास?

रॉडवाला: आधी ज्या टेम्पोच्या मागे होतो, तो माझ्या पुढे पोचला.

काका: अरे, बदलायला ना नाही. पण तू ल्यूर बदलतोस, जागा बदलतोस, ओढायचा वेग बदलतोस, सगळं एकदम. औषध, डॉक्टर आणि पथ्य एकाच दिवशी बदललं, तर खोकला कशानं गेला ते कळणार कसं? एका वेळी एकच बदल. आधी आहे तोच ल्यूर पंख्यासारखा फेक, डावीकडून उजवीकडे. एकदा वरून ओढ, एकदा तळाशी. एकदा भरभर, एकदा रेंगाळत. एवढं करून झालं की मग डबा उघड.

रॉडवाला: रंग कुठला लावू? माझ्याकडे 14 आहेत.

काका: पाणी बघ की! चहासारखं गढूळ. यात मासा डोळ्यांपेक्षा वासानं आणि अंगावरच्या रेषेनं जास्त शोधतो. पाणी हललं की त्या रेषेला कळतं. तुझे 14 रंग फक्त तुला दिसतायत. घे ही कोळंबी, रबराला टोचून तळाशी सोड.

रॉडवाला (टोचतो, टाकतो, घड्याळ बघतो): पाच मिनिटं.

काका: घड्याळ खिशात टाक. खाडीत पाण्याचं घड्याळ चालतं. आज तिथी कुठली?

रॉडवाला: तिथी? आज रविवार आहे.

काका: द्वादशी. तिथीची पाऊणपट कर. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती पुरी. पाणी जरा उभं राहणार, मग फिरणार.

रॉडवाला (मोबाईल बघून): अॅपवर नऊ बारा दाखवतंय. पैसे भरलेत त्याचे.

काका: बारा मिनिटांसाठी?

रॉडवाला: पाणी फिरल्यावर काय होतं?

काका: तिवरांत शिरलेली बारीक कोळंबी, पिल्लं ओहळातून परत बाहेर वाहतात. तोंडाशी जिताडा टपून बसलेला असतो. त्याला पळावं लागत नाही, जेवण वाहत येतं.

रॉडवाला: काका, जिताड्याचं वाचलंय मी. जन्मतो नर, पुढे होतो मादी. मासा एवढा बदलतो, मग मी साधा ल्यूर बदलू नये?

काका: तोही एकदाच बदलतो! आणि काही वर्षं नीट वाढून मग. दर पाच मिनिटांनी नाही.

रॉडवाला: आणि तुम्ही कधी बदलता?

काका: मला गरज लागत नाही. धीर लागतो. आमची जमिनीची केस 22 वर्षं चालू आहे. वकील एकच. कधी बदलला नाही.

रॉडवाला: निकाल?

काका: लागेल.

रॉडवाला: बरं, तुमच्या गळाला काय आहे?

काका: ताजी कोळंबी.

रॉडवाला: कधी लावलीत?

काका: सहाला.

रॉडवाला: नंतर बघितली?

काका: सारखा गळ वर काढणारा मी नव्हे.

रॉडवाला: आत्ता बघा ना, माझ्यासाठी.

(काका तंगूस ओढतात. गळ वर येतो. स्वच्छ, चकचकीत. दोघं गप्प.)

काका: चिंबोरीनं खाल्ली.

रॉडवाला: कधी?

काका: सव्वासहाला असेल.

रॉडवाला: म्हणजे तेव्हापासून तुम्ही...

काका: खाडीला लोखंड दाखवत बसलोय.

(काका गोणपाट झटकतात, उठतात, ओहळाच्या तोंडाकडे निघतात.)

रॉडवाला: अहो, 31 वर्षांचा दगड सोडलात?

काका: तो दगड भरतीचा. ओहोटीला ओहळाचं तोंड. माहीत होतं रे मला. गुडघे दुखतात, उठायचा कंटाळा येतो. त्याला मी धीर म्हणत होतो. तुझा रॉड वाकलाय बघ!

(धावपळ. वर येते ती वीतभर शेंगटी.)

काका: काट्याला हात लावू नको! दिवसभर ठणकेल. पक्कड घे.

रॉडवाला: काका, लागली! पण मी बोलण्याच्या नादात वीस मिनिटं काहीच बदललं नाही. मग ही कोळंबी लावली म्हणून लागली, की बदलायचं विसरलो म्हणून?

(काका उत्तर देत नाहीत. खिशातून फोन काढून नंबर लावतात.)

काका (फोनवर): नमस्कार वकीलसाहेब. रविवारी त्रास देतोय. आपलं काही लागलं का? ... बरं. ... बरं. ठेवतो.

रॉडवाला: काय म्हणाले?

काका: "लागेल" म्हणाले.

रॉडवाला: मग?

काका (नवी कोळंबी टोचत): तुझ्या ओळखीत दुसरा कोणी वकील आहे का रे?