यंदा वाघ नक्की

करंज्याच्या धक्क्यावर तुम्हाला एक नाखवा भेटेल. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो एकटा नाही. उरणपासून पनवेलपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात तो आहे, फक्त धंदा वेगळा. कुठे त्याचं हार्डवेअरचं दुकान असतं, कुठे तो बंदरात क्लार्क असतो, कुठे पेन्शनीत निघालेला मास्तर असतो. खूण एकच: ह्याला जंगल सफारीला जायचंय आणि कुठल्या जंगलात ते ठरायचंय. बाकी सगळी तयारी झालेली आहे. खाकी टोपी आहे, हिरवा शर्ट आहे, पनवेलहून आणलेली दुर्बीण आहे. तिच्यातून सध्या खाडीपलीकडचा रेवसचा धक्का बघितला जातो.

"यंदा माना वाग बगाचाच हाय," नाखवा म्हणतो. हे वाक्य दर वर्षी साधारण महाशिवरात्रीच्या सुमाराला येतं.

ठरत नाही याला कारण आहे, आणि ते आळशीपणाचं नाही. नाखव्याला सुट्टी मिळते ती सरकारच्या हुकमानं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्याआधी मे महिन्यात त्याला समुद्रावरून उठवणं अशक्य, कारण बंदीच्या तोंडावरची शेवटची मासळी कोण सोडणार? आणि वाघ बघायला तर मे महिनाच उत्तम. विदर्भात ऊन पंचेचाळिसाच्या घरात गेलं, नाले आटले, की वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो. जून लागला, एक बरा पाऊस झाला, की जंगलभर पाणी आणि वाघ कुठेही. पुढे 30 जूनला ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड सगळ्यांचे कोअर, म्हणजे आतले गाभे, बंद, ते थेट ऑक्टोबरपर्यंत. गीरचे सिंह तर आणखी घाईत, 16 जूनलाच दार लावून घेतात. म्हणजे जंगलाची बंदी आणि समुद्राची बंदी एकमेकींच्या मागोमाग लागलेल्या, मध्ये जूनची चिंचोळी फट. तिच्यातच पोरांची शाळा सुरू होते, बोट वर काढून शाकारायची असते, जाळी धुऊन वाळवायची असतात. नाखवीण ह्या मुद्द्यावर एकाच वाक्यात बोलते. "तुमचा वाग र्‍हाऊ द्या, जाली कोन सुकवील?"

पण नाखवा फट शोधणारा माणूस आहे. 1 ते 10 जून, असं तो बोटांवर मोजून सांगतो. आता एवढ्या दहा दिवसांसाठी जंगल निवडायचं. इथून खरी सफारी सुरू होते.

आधी तो आकड्यांत शिरतो. 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 वाघ आणि महाराष्ट्रात 444, हे त्याला तोंडपाठ आहे. दोन्ही राज्यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच, म्हणजे मध्य प्रदेशात वाघ दिसायचा संभव पावणेदोन पट, असा हिशोब तो बर्फाच्या पावतीच्या पाठीवर करून दाखवतो. त्याला सांगून बघा की वाघ राज्यभर सारखे पसरलेले नसतात, इंदूरच्या सराफ्यात वाघ नसतो. तो म्हणेल, "मंग तं ताडोबाच." ताडोबा म्हटलं की लोकांना वाटतं, ठरलं. छे! ताडोबा हे नाव झालं. गेट कोणतं?

नवख्याला हे माहीत नसतं. तो म्हणतो, आम्ही ताडोबाला चाललो. नाखवा त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि विचारतो, मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी, यांतलं कुठलं? कोअर की भोवतीचा बफर? सकाळची फेरी की दुपारची? मंगळवार तर नाही ना धरला, मंगळवारी कोअर बंद असतं. कोणत्या गेटला सध्या कोणती वाघीण पिल्लांसह फिरते हे त्याला करंज्यात बसून ठाऊक असतं. ताडोबातल्या वाघांची नावं तो अशी घेतो की ऐकणाऱ्याला वाटावं, सोयरीक जुळवतोय. माया दिसेनाशी झाली तेव्हा तो खरोखर दोन दिवस गप्प होता. छोटा मटका हा मटकासुराचा मुलगा, हे तो आपल्या चुलतभावाच्या मुलाची ओळख करून द्यावी तसं सांगतो. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय 2016 मध्ये बेपत्ता झाला, तो विषय अजून त्याच्यापुढे काढू नये.

बफर त्याला मान्य नाही. "बफरमदला वाग म्हंजे भाड्याच्या खोलीतला वाग." वाघाला हद्द कळत नाही, आगरझरी-देवाड्याच्या बफरात लोकांना भरपूर वाघ दिसलेत, हे सांगितलं तरी त्याचा चेहरा पडतो. कोअर ते कोअर.

मग मंडळी जमते. सफारीचं ठिकाण एकट्यानं ठरवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मेव्हणा म्हणतो, रणथंबोर, तिथे किल्लाही होतो आणि देवही होतो. रणथंबोरच्या गडावर त्रिनेत्र गणपती आहे खरा, त्यामुळे सासूबाईंचं मत तिकडे पडतं. शिवाय तिथे वीसजणांचा उघडा कँटर मिळतो. हा मुद्दा बारीक वाटतो, पण आहे मोठा. जिप्सीत सहा माणसं बसतात. कुटुंब बारा-चौदाचं. म्हणजे दोन किंवा तीन जिप्स्या, त्यांचे रस्ते वेगवेगळे. एकीला वाघ दिसला आणि दुसरीला दिसला नाही, तर ते भांडण पुढच्या लग्नापर्यंत पुरतं. पलीकडच्या पाड्यात अशा एका सफारीनंतर दोन भावांची बोलाचाल बंद आहे. मूळ कारण शेतीचा बांध आहे असं ते सांगतात, पण गावाला खरं माहीत आहे.

जेवणाचा प्रश्न वेगळाच. मध्य प्रदेशातल्या रिसॉर्टात पनीर मिळतं, हे ऐकून निम्मी मंडळी कान्ह्यातून बाद होते. नाखवीण सुकट आणि सुके बोंबील बांधून न्यायला तयार आहे. त्यावर धाकटा पोरगा विचारतो, वासानं वाघ जवळ येईल का? नाखवा या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करतो. मला तर वाटतं, पुढच्या वर्षी बोंबील नक्की बरोबर घेतले जातील.

मेळघाट कुणी सुचवू नये. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला तो एक, 1973 पासूनचा, डोंगर काय, दऱ्या काय. पण तिथे वाघ सहज दिसत नाही, एवढं बोललं की नाखवा मान फिरवतो. सह्याद्री प्रकल्प तर कोयना-चांदोलीत, एका रात्रीच्या अंतरावर. "तिथं जंगल हाय," तो म्हणतो, जणू तीच तक्रार आहे.

माझं डोकं इथे चक्रावतं. हाच माणूस समुद्रावर दुसरा असतो. काळोखात बोट हाकताना उधाण किती, भांग कधी, पाण्याला रंग कसला, ह्यावरून जाळं कुठे टाकायचं ते तो विडी पेटवायला लागेल तेवढ्या वेळात ठरवतो. डिझेल जळलेलं, बर्फ वितळलेला आणि जाळ्यात नुसती जेलीफिश, असे दिवस त्याच्या आयुष्यात कमी नाहीत. पण त्यानं कधी समुद्राकडे पैसे परत मागितलेले ऐकले नाहीत. जाळ्यात कासव अडकलं तर तो जाळं कापून त्याला सोडतो. 2018 च्या अखेरीला सरकारनं अशा कापलेल्या जाळ्याची 25 हजारांपर्यंत भरपाई सुरू केली, पण तो त्याआधीही सोडत होता, कासव देव म्हणून. डॉल्फिन तर त्याला गावच्या कुत्र्यासारखे ओळखीचे. उरणकडे येताना पाणज्याच्या पाणथळीत रोहित उतरलेले असतात, पुण्याहून लोक लांबलचक कॅमेरे घेऊन येतात. नाखवा हॉर्न वाजवून पुढे जातो. कर्नाळा अभयारण्य, 12 चौरस किलोमीटर आणि वर थोडं, गोव्याच्या रस्त्यावरच. तिथे तो फक्त लघवीला थांबलेला आहे. यातलं काहीही "बघितलं" या खात्यात जमा नाही. समुद्रानं दिलं नाही तर चालतं, जंगलानं मात्र पावती फाडली की वाघ दिलाच पाहिजे. माझ्या मते गेट निवडण्याच्या सगळ्या शास्त्राचं मूळ हे आहे. गेटवर मोबाइल जमा करून घेतात, हेही त्याला पटलेलं नाही. पुरावा नसेल तर गावात सांगायचं काय?

2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा वाटलं, आता जातोय. मुंबईकडून नागपूर 701 किलोमीटर, पुढे कोलारा गेट शंभरेक. नाखव्यानं गाडीचे टायरसुद्धा बदलले. मग बुकिंग बघितलं. कोअरच्या सगळ्या जिप्स्या केव्हाच गेलेल्या, नावं आणि ओळखपत्राचे नंबर आधीच घातलेले, त्यामुळे कुणाच्या जागी कुणी जायची सोय नाही. टायर वाया गेले नाहीत, एकवीरेला जाऊन आले.

यंदा जावयानं नवीन गोष्ट काढली: केनिया. मसाई मारा. तिथे जुलैपासून विल्डबीस्ट नदी ओलांडतात, लाखांनी, खाली मगरी वाट बघत. जुलै! ऐन बंदीत! घरात शांतता पसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पंचांगं जुळत होती. नाखव्यानं चहा बाजूला ठेवला. मग कळलं की परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. मग पासपोर्ट काढला, तो संपलेला. मग सासूबाईंनी विचारलं, तिथे देव कुठला. शेवटी नाखव्यानंच मुद्दा काढला की तिथे सिंह आहे, चित्ता आहे, बिबट्या आहे, हत्ती आहे, पण वाघ नाही. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, असा मला संशय आहे.

1 ऑगस्टला बोटी निघाल्या. समुद्रावर एक अलिखित नियम आहे: मासळी कुठे लागली ते वायरलेसवर कुणी खरं सांगत नाही. नाखवेही नाहीत, त्यांचे तांडेलही नाहीत. त्या रात्री शेजारच्या बोटीवरून कुणीतरी खरखरत्या आवाजात विचारलं, "नाखवा, कुठं हाय तू?"

"खुटवंडा गेटला," नाखवा म्हणाला, आणि जाळं सोडायची खूण केली.